निवृत्त मिशनवाले

पहाटे ५.३०
ह्यांची वही आधी उघडते, बायबल नंतर. हे त्यांना मान्य नाही. वहीत आदल्या रात्री आखलेला दिवस असतो. आजचा असा: दहाला खारघरचं टाटा हॉस्पिटल, एकला घरी, दुपारी रविवारच्या संदेशाची टिपणं, चारला करावे गावातल्या आजारी बाईंची भेट, सातला सेक्टर ४६ मध्ये घरसभा. ईस्टरआधीचे लेंटचे दिवस आहेत, बुधवारी कोणाकडे ना कोणाकडे सभा असतेच.

ह्यांची उभी नोकरी पाळक म्हणून झाली, सगळी नगर-सोलापूरकडे. बदलीचं पत्र आलं की बंगला रिकामा करायचा. दिवस कसा जायचा ते मंडळी ठरवायची, राहायचं कुठे ते धर्मप्रांत. सत्तरी ओलांडल्यावर प्रथमच स्वतःचं वेळापत्रक करायला मिळालंय, म्हणून ही हौस. खरं तर निवृत्तीनंतर नगरला दोन खोल्या बांधायच्या होत्या. पण लेकीचं बाळंतपण निघालं म्हणून सीवूड्सला आलो, नात शाळेत जाईपर्यंत थांबलो, मग लेक-जावई नातीला घेऊन कॅनडाला गेले आणि फ्लॅट सांभाळायला आम्ही राहिलो. नगरचं नाव बदलून अहिल्यानगर झालं, आमच्या खोल्या कागदावरच आहेत.

६.१५
डीपीएस तलावापर्यंत फेरी. रोहित पक्षी आलेत. २०२४ च्या उन्हाळ्यात या तळ्यात भरतीचं पाणी येणं अडलं आणि काही पक्षी मेले, तेव्हापासून इथले फिरणारे लोक पक्ष्यांच्या आधी पाणी बघतात. आम्हीही बघतो. हे चालताना संदेश मनात जुळवतात, त्यामुळे मला बोलायची बंदी असते. मी बोलते.

६.५०
फोन. जामखेडचे गृहस्थ. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर आहे. प्लेटलेट खाली आल्यात, संध्याकाळपर्यंत डोनर आणा म्हणून सांगितलंय. मुंबईत ओळख कोणाची, तर आमची.

रक्तदानाला पासष्टची मर्यादा आहे. म्हणजे आमच्या दोघांचंही आता कोणाला चालत नाही. हे लगेच ‘आपण प्रार्थना करू’ म्हणाले. मी म्हटलं, करा, तोवर मी तरुण संघाच्या सेक्रेटरीला फोन लावते.

ऐरोलीला आयटी कंपनीत असलेला एक मुलगा मिळाला. मी मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलात नर्सिंग शिकलेली, त्यामुळे चौकशी फोनवरच उरकली: वजन पन्नासच्या वर आहे ना, तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलंय का, ताप, गोंदण. सगळं ठीक. अर्धा दिवस रजा टाकून दोनला येतो म्हणाला. आधी तपासणी, मग मशीनवर तास-दीड तास, म्हणजे सात वाजणार. फोन ठेवल्यावर ह्यांच्या लक्षात आलं की सातला सभेत तबला वाजवणारा हाच.

८.३०
पिठलं आणि ज्वारीच्या भाकऱ्या. मुलासाठी नाही. त्याच्या पांढऱ्या पेशी कमी आहेत, बाहेरचं काही चालत नाही. डबा बापासाठी. आजाऱ्याला सगळे फळं आणतात, पण त्याच्यासोबत राहणारा वडापाववर महिने काढतो, हे वॉर्डात नोकरी केलेल्या बाईला सांगावं लागत नाही.

९.४०
सीवूड्स-दारावे स्टेशन. हा भाग सिडकोनं वसवला तेव्हा दारावे, करावे ही आगरी-कोळ्यांची गावं आधीपासून होती. स्टेशनच्या नावात निदान एक टिकलं. डोक्यावर मॉल, खाली हार्बर लाइन. बेलापूर, मग खारघर, पुढे रिक्षा.

१०.४५
पाटीवर लांबलचक नाव आहे, ॲक्ट्रेक म्हणूनही ओळखतात, पण गावाकडून येणारे ‘खारघर टाटा’च म्हणतात. पेशंटजवळ एकालाच थांबू देतात, तेव्हा आमचं मिशन बाहेरच्या बाकड्यांवर चालतं.

जामखेडच्या गृहस्थांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. ‘रामकृष्णहरी’ म्हणाले. हे ‘नमस्कार माउली’ म्हणाले. पहिलं काम कागदांचं. मदतीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला हवा, तो गावी पत्र्याच्या पेटीत. पुतण्यानं व्हॉट्सॲपवर फोटो धाडला, त्यात दाखल्यापेक्षा त्याचा अंगठा मोठा. दुसरा मागवला, तो आडवा. तिसऱ्यात शिक्का दिसला. मग झेरॉक्स, मग रांग. हे रांगेत उभे राहिले, कारण बापाला सारखं आत बोलावणं येत होतं. आयुष्यभर व्यासपीठावर उभा राहिलेला माणूस खिडकीपुढे इतका शांत उभा राहील असं मला वाटलं नव्हतं.

शेजारच्या बाकावरच्या एका तरुणानं बराच वेळ आमच्याकडे बघून विचारलं, “तुम्ही मिशनवाले का?”

“निवृत्त,” हे म्हणाले.

तो हसला नाही. त्याचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. आजाऱ्याच्या उशाशी धर्म घेऊन येणाऱ्याबद्दल शंका यावीच. आम्ही इथे पत्रिका आणत नाही. प्रार्थनाही विचारल्याशिवाय नाही, आणि बरेचदा विचारतही नाही. ह्यांच्या काही जुन्या सहकाऱ्यांना हे पटत नाही. ‘मग तुमच्यात आणि समाजसेवकांत फरक काय?’ असं एकानं विचारलं होतं. हे त्यावर रात्रभर विचार करत बसले. मला तो प्रश्नच रिकामा वाटतो. इथल्या माणसांकडे पैसा नसतो, माहिती नसते, हे खरंच. पण सगळ्यांत कमी असतो तो वेळ, आणि आमच्याकडे नेमका तोच पडून आहे. तो देताना त्याला लेबल लावायची मला गरज दिसत नाही.

तासाभरानं त्याच तरुणानं आपली बॅग आमच्यापाशी ठेवली आणि औषधं आणायला गेला.

२.१०
तबलजी आला. घाबरलेला होता, पण मोठ्यानं बोलून लपवत होता. त्याला जेवायला लावलं, रिकाम्या पोटी सुईला सामोरं जायचं नसतं. तपासणी जुळली.

एकला घरी जायचं होतं ते राहिलंच. टिपणंही राहिली.

३.३०
पिशवीत लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ असतं. कुठलंही पान उघडलं तरी लक्ष्मीबाई सोबतीला येतात. १९१७ मध्ये त्यांच्या यजमानांनी, ना. वा. टिळकांनी, अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभा करायला निघाले. वय पंचावन्न, हातात पगार नाही. पुढे दोनच वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते गेले. पाळकमंडळी टिळकांच्या त्या निर्णयावर भक्तीनं बोलतात. मी वाचताना घर चालवणारीकडे बघते. त्यांच्या घरी बेत मोडायचे ते टिळक स्वतः. आमच्या घरी हे बेत करतात आणि मोडायला भलतीच माणसं येतात. कोणाचं बरं, ते लक्ष्मीबाईंना विचारायला हवं होतं.

४.१५
करावेच्या बाईंचाच फोन. “येणार म्हणून मासळी घेऊन ठेवली होती!” आजारी माणसाचा आवाज इतका खणखणीत ऐकून बरं वाटलं. उद्या सकाळी येतो म्हटलं. ह्यांनी वहीत चारची ओळ खोडली, उद्या दहावर लिहिली. उद्या दहाला बँक होती, ती परवावर गेली.

७.२५
सभेला उशीर. तबलजी अजून खारघरलाच. प्लेटलेट काढून झाल्या होत्या, त्याला थोडा वेळ बसवून ठेवलं होतं. ‘उपासना संगीत’ उघडून बसलेली मंडळी आमचीच वाट बघत होती. पेटी होती, ताल नव्हता. मग टिळकांची भजनं टाळ्यांवर घेतली. दुसऱ्या भजनाला घरच्या आजींनी स्टीलचा डबा पुढे ओढला आणि असा वाजवला की ह्यांचा ठेका चुकला.

संदेशाला टिपणं नव्हती. हे दहा मिनिटं बोलले. एरवी पस्तीस लागतात. बेत फसले की असाही फायदा होतो, पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

१०.१५
जामखेडच्या गृहस्थांचा फोन. प्लेटलेट चढवल्या, मुलगा झोपला. शुक्रवारी पुन्हा लागतील, दुसरा डोनर बघून ठेवा म्हणालेत.

हे वही घेऊन बसले. मी तरुण संघाची यादी काढली. एका पोराला वजन विचारलं, अठ्ठेचाळीस. त्याच्या थोरल्या भावाला लावला. तो रात्रपाळीला होता, सकाळी सहाला सुटतो, स्टेशनवरच भेटा म्हणाला. म्हणजे उद्या तळ्याकडे जाणं नाही.