जगबुडीनंतरही उरलेला सिनेमा

‘तू नगरची ना? मग स्पाइक मिलिगन तुला माहीत असणारच!’

डिपार्टमेंटमधल्या सरांनी हे विचारलं तेव्हा मी नुसतीच हसले. बारावीपर्यंत नगरमध्ये वाढले. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण आमच्या घरी अजून नगरच चालतं. भिंगार कॅम्पातून शेकडो वेळा ये-जा केली. पण हा मिलिगन कोण, कुठला, काहीच माहीत नव्हतं.

घरी जाऊन शोधलं तर चाटच पडले. टेरेन्स ॲलन उर्फ स्पाइक मिलिगनचा जन्म १६ एप्रिल १९१८ चा, चक्क नगरचा! वडील इथे ब्रिटिश फौजेत होते. पोराचं लहानपण पुण्यात आणि रंगूनमध्ये गेलं. पुढे इंग्लंडला गेल्यावर १९५१ ते १९६० या काळात त्याने बीबीसी रेडिओवर ‘द गून शो’ गाजवला. नंतरच्या ‘मॉन्टी पायथन’ मंडळींना वेडेपणाची वाट दाखवणारा हाच माणूस.

दुसऱ्या दिवशी सरांनी कपाटातून एक डीव्हीडी काढून दिली. ‘द बेड सिटिंग रूम’. मिलिगनने जॉन ॲन्ट्रोबससोबत लिहिलेल्या नाटकावरचा सिनेमा. आता खरी पंचाईत. आम्ही पाच जण, पाच लॅपटॉप, पण एकालाही डिस्क घालायची सोय नाही! शेवटी लायब्ररीतून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मिळाला, तो जोडला आणि आम्ही बघायला बसलो.

लॉर्डसाहेबांची खोली झाली

सिनेमातलं जग संपून गेलेलं आहे. अणुयुद्ध झालंय, तेही अवघ्या दोन मिनिटं अठ्ठावीस सेकंदांचं, तहावर सह्या करायचा वेळ धरून. त्याला तीन वर्षं झाली की चार, हेही धड कुणाला आठवत नाही. लंडनमध्ये मूठभर माणसं उरली आहेत. एक कुटुंब भुयारी रेल्वेच्या सर्कल लाइनवर गोल गोल फिरत राहतं. त्यांच्या मुलीला सतरावा महिना लागलाय! देशाची वीज म्हणजे सायकल मारणारा एक माणूस. बीबीसी म्हणजे लक्तरं झालेल्या सुटातला एक निवेदक. तो लोकांकडे जातो, टीव्हीच्या रिकाम्या खोक्यामागे बसतो आणि बातम्या देतो. फुग्याला टांगलेल्या मोडक्या गाडीतून दोन पोलिस वरून ओरडत असतात, थांबू नका, चालत राहा!

आणि लॉर्ड फॉर्टनमना भीती वाटतेय की आपली एका खोलीत रूपांतर होणार. होतंही तसंच. बेड सिटिंग रूम म्हणजे झोपणं, बसणं, स्वयंपाक सगळं एकातच असलेली भाड्याची खोली. पुण्या-मुंबईत पीजी म्हणून राहणाऱ्यांना ती वेगळी समजावून सांगायला नको. मुलीची आई कपाट होते, वडील पोपट होतात. कुणालाही याचं फारसं आश्चर्य वाटत नाही.

पहिली वीस मिनिटं आम्ही एकमेकांची तोंडं बघत होतो. मग हसायला लागलो. आणि नंतर कधीतरी हसणं थांबलं. हिरोशिमावर कुणी इतका फालतूपणा करून इतकं खरं बोलू शकतं, हे डोक्यात शिरायला वेळ लागला. सगळं उद्ध्वस्त झालंय आणि माणसं मात्र पद, पत्ता, शिष्टाचार धरून बसली आहेत. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन लेक्चरला ‘प्रेझेंट सर’ म्हणणारे आम्ही, आम्हाला ते चांगलंच ओळखीचं वाटलं.

थेट डब्यात

दिग्दर्शक साधासुधा नव्हता. रिचर्ड लेस्टर म्हणजे बीटल्सना घेऊन ‘अ हार्ड डेज नाइट’ आणि ‘हेल्प!’ करणारा माणूस. नटही तगडे होते. लॉर्डच्या भूमिकेत राल्फ रिचर्डसन, पोलिस म्हणून पीटर कुक आणि डडली मूर. १९६८ मध्ये शूटिंग झालं. १९६९ मध्ये सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात गेला, पण इंग्लंडच्या थिएटरात यायला १९७० उजाडलं. युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीला हे प्रकरण काय आहे तेच कळेना. सिनेमा साफ आपटला. लेस्टरचा पुढचा सिनेमा थेट १९७३ मध्ये आला, ‘द थ्री मस्केटीअर्स’.

असे सिनेमे जळत नाहीत की बुडत नाहीत. ते कुठल्यातरी गोदामात डब्यात पडून राहतात. हक्क एका कंपनीकडून दुसरीकडे जातात, कुणी मागत नाही म्हणून कुणी काढत नाही. आणि न बघितलेल्या सिनेमाची मागणी तरी कोण करणार?

हे चक्र मोडलं ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने. तिथे ‘फ्लिपसाइड’ नावाने विसरलेल्या, विचित्र सिनेमांचे खेळ व्हायचे. मे २००९ मध्ये त्याच नावाने डीव्हीडी आणि ब्लू-रेची मालिका सुरू झाली. तिची एक नंबरची डिस्क म्हणून कुणी एखादा सेफ क्लासिक निवडला असता. त्यांनी निवडला हा आपटलेला सिनेमा. त्या मालिकेत आता चाळीसहून जास्त डिस्क झाल्यात.

एक लाख तीस हजार चित्रं

‘रिस्टोअर केला’ हे वाचायला एक सेकंद लागतो. काम किती असतं, हे मला सरांनी वहीवर मांडून दाखवलं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सने धावतो. दीड तासाचा सिनेमा म्हणजे जवळपास एक लाख तीस हजार चित्रं!

आधी शोधायचं की सगळ्यात चांगली फिल्म कुठे आहे. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ निगेटिव्ह मिळाली तर उत्तम, नाहीतर तिच्यावरून काढलेली जवळची प्रत. थिएटरात फिरून आलेली प्रिंट शेवटचा पर्याय, कारण तिच्यावर प्रोजेक्टरच्या हजार ओरखड्यांची नक्षी असते. मग फिल्म हाताने तपासायची, सुटलेले जोड नीट करायचे, धूळ धुवायची, एकेक फ्रेम स्कॅन करायची. जुनी ॲसिटेट फिल्म सडायला लागली की तिला व्हिनेगरचा वास येतो. तो आला की समजायचं, वेळ कमी आहे.

त्यानंतर येतो रंग. त्या काळातल्या रंगीत प्रिंट्स जुन्या झाल्या की निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि सगळं गुलाबी दिसायला लागतं. एरवी हे सरळ दुरुस्त करायचं. पण या सिनेमात गंमत अशी, की कॅमेरामन डेव्हिड वॉटकिनने अणुयुद्धानंतरचं आकाश मुद्दामच भलत्या रंगांत दाखवलंय. म्हणजे अशा सिनेमासमोर बसलेल्या माणसाला प्रत्येक शॉटला ठरवावं लागणार, हा लाल रंग दिग्दर्शकाचा की काळाचा? दुरुस्तीच्या उत्साहात आकाश छान निळं केलं तर सिनेमाच मेला.

तसंच दाण्यांचं. फिल्मवर बारीक रवाळपणा असतो. सॉफ्टवेअरने तो पार पुसला की चेहरे मेणाचे दिसतात. आपल्या फोनचा ब्युटी फिल्टर आठवा. चांगला रिस्टोअरर घाण काढतो, सुरकुत्या ठेवतो.

डिस्क कशाला हवी?

‘यूट्यूबवर कुठेतरी असेलच की,’ असं आमच्यातला एक जण म्हणालाच. पण स्ट्रीमिंगवरचा सिनेमा करार संपला की एका रात्रीत गायब होतो. डिस्क कपाटात राहते, उसनी देता येते, आमच्यासारख्या पाच जणांना एकत्र बसवते.

शिवाय तिच्यावर सिनेमासोबत आणखी काही वाचतं. या डिस्कवर लेस्टर, मिलिगन आणि कुक यांच्या १९६७ मधल्या मुलाखती आहेत. बर्नार्ड ब्रेडन नावाच्या निवेदकाने त्या एका टीव्ही मालिकेसाठी घेतल्या होत्या. ती मालिका कधी दाखवलीच गेली नाही! पडलेल्या सिनेमाच्या आधाराने न दाखवलेला कार्यक्रमही बाहेर आला. आमच्या नगरच्या माणसाला मी पहिल्यांदा सलग बोलताना ऐकलं ते तिथेच.

आपल्याकडेही हे घडलंय. तेंडुलकरांच्या नाटकावरचा ‘घाशीराम कोतवाल’ हा १९७६ चा मराठी सिनेमा. त्याची प्रिंट बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेने जपून ठेवली होती. तिच्यावरून डिजिटल आवृत्ती झाली आणि २०१४ च्या बर्लिन महोत्सवात दाखवली गेली. पुण्यातच १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. आपल्यातले कितीजण तिथे एकदा तरी गेलेत?

आजीची प्रिंट

हे सगळं ऐकताना मला सारखी एकच गोष्ट टोचत होती. फर्स्ट इयरला आम्ही चौघांनी फोनवर सात मिनिटांची शॉर्टफिल्म केली होती. त्यात माझी आजी होती. अंगणात बसून शेंगा सोलत ती कॅमेऱ्याकडे न बघता स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगते. फिल्म कुठे निवडली गेली नाही, म्हणून आम्ही ती विसरलो. मागच्या वर्षी हार्ड डिस्क बंद पडली. दुसरी प्रत आम्ही केलीच नव्हती. त्याआधी चार महिन्यांपूर्वी आजी गेली होती.

सरांच्या डिस्कनंतर मी आमचा जुना व्हॉट्सॲप ग्रुप उघडून वर वर सरकत गेले. एका मित्राने तेव्हा ‘बघा रे कशी वाटते’ म्हणून टाकलेला तुकडा मिळाला. दोन मिनिटं दहा सेकंद. व्हॉट्सॲपने दाबून दाबून बारीक केलेला. आजीचा चेहरा चौकोनी ठिपक्यांचा दिसतो, पण आवाज अगदी स्वच्छ आहे. शेंगा फोडल्याचाही येतो.

आता तो तीन ठिकाणी ठेवलाय. फाइलच्या नावात आजीचं नाव, गाव आणि तारीखही लिहिली आहे. नाहीतर पन्नास वर्षांनी कुणाला सापडला, तरी कळणार कसं की ही कोण?