दुखण्यानंतर विमा उतरतो काय?

पाचगणी म्हटले की हल्ली शाळा आणि स्ट्रॉबेरी आठवते. आमच्या आधीच्या पिढीला आठवे ते क्षयाचे सॅनिटोरियम. डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी १९१२ साली काढलेल्या बेल-एअरमध्ये पुढे एचआयव्हीग्रस्तांवरही उपचार होऊ लागले. औषधाने माणूस उठतो, कामाला लागतो. मग घरची बाई विचारते, आता यांचा विमा कोण उतरवणार?

भगिनींनो, पहिली गोष्ट. दुखण्याआधी घेतलेली पॉलिसी दुखण्यामुळे रद्द होत नाही. म्हणून दवाखान्याच्या धावपळीतही हप्ता चुकवू नका. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू करताना प्रकृतीची माहिती नव्याने द्यावी लागते, आणि तिथेच गाडे अडते.

नवा विमा घेताना आजार लपवू नका. ‘टीबीचे लिहू नका, काम होऊन जाईल’ असे सांगणारे एजंट आम्ही पाहिले आहेत. त्याचे कमिशन सुटते, अडकते ती विधवा! २०१५ च्या दुरुस्तीनंतर विमा कायद्याच्या ४५ व्या कलमानुसार पहिली तीन वर्षे कंपनी लपवाछपवीवरून पॉलिसी नाकारू शकते, त्यानंतर नाही. पॉलिसी पुन्हा चालू केली तर ही तीन वर्षे नव्याने मोजतात. खरे लिहिले तर फार तर हप्ता वाढेल, थांबायला सांगतील, किंवा नकार येईल. एका कंपनीचा नकार म्हणजे सगळ्यांचा नव्हे. क्षयाचा कोर्स पुरा झाल्याचा दाखला आणि एक्स-रे जपून ठेवा.

एचआयव्ही आहे एवढ्यावरून विमा नाकारता येत नाही. त्याला विमाशास्त्रीय अभ्यासाचा आधार लागतो, असे २०१७ चा कायदा सांगतो. आणि विमा फक्त पगारदारांचा नाही. एलआयसीची एक स्वस्त योजना सरकारी व मोठ्या कंपन्यांतील नोकरदारांपुरती ठेवली होती. ती अट सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये मोडून काढली. ही गोष्ट आपल्या वस्त्यांत फारशी कोणाला ठाऊक नाही.

मजुरी करणाऱ्यांना जवळचा मार्ग म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा. वय १८ ते ५०, बँक वा पोस्टात खाते, २०२२ पासून वर्षाला ४३६ रुपये, विमा दोन लाखांचा. डॉक्टरी तपासणी नाही. मात्र नव्याने नाव घातल्यावर पहिले ३० दिवस अपघाती मृत्यूखेरीज पैसे मिळत नाहीत. मे महिन्यात खात्यात तेवढी शिल्लक ठेवा, आणि नॉमिनी म्हणून कोणाचे नाव लिहिले आहे ते घरातल्या बाईने स्वतः वाचून घ्यावे.