विमानाला उशीर चालेल, गोळीला नाही

"डॉक्टर, येत्या मंगळवारी मुलाकडे बंगळुरूला चाललो, विमानानं. काही पथ्यपाणी?" धंतोलीतल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न आता आठवड्यातून दोन-तीनदा तरी कानी पडतो. विचारणारे कधी भंडाऱ्याचे निवृत्त गुरुजी असतात, कधी वणीच्या आजीबाई, तर कधी शस्त्रक्रिया आटोपून टाके घेऊन परत निघालेला रुग्ण. पूर्वी विमान हे मंत्र्यासंत्र्यांचे आणि शेटजींचे वाहन होते. २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने आपल्या देशात स्वस्त विमानसेवा सुरू केली. पाठोपाठ २००५ मध्ये स्पाइसजेट आणि २००६ मध्ये इंडिगो आली. रात्रभर गाडीत अवघडून बसणारा म्हातारा माणूस आता दीड-दोन तासांत लेकराबाळांत पोहोचतो. ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु स्वस्त तिकिटाची काही किंमत प्रकृतीला मोजावी लागते, ती कशी टाळायची एवढेच आज सांगायचे आहे.

उशीर का होतो?

तिकीट स्वस्त ठेवायचे तर विमान जमिनीवर उभे ठेवून चालत नाही. म्हणून एकच विमान दिवसभर या गावाहून त्या गावाला फेऱ्या मारते आणि प्रत्येक ठिकाणी अर्धा-पाऊण तासच थांबते. सकाळी दिल्लीच्या धुक्यात ते दोन तास अडकले, की तोच उशीर पुढच्या प्रत्येक फेरीला चिकटतो. नागपुरात लख्ख ऊन असते आणि तरी संध्याकाळचे विमान येत नाही, त्याचे गूढ हे असे आहे. म्हणून आजारी माणसाचे तिकीट शक्यतो सकाळच्या पहिल्या विमानाचे काढावे.

जानेवारी २०२४ मध्ये गोव्याहून दिल्लीला निघालेले विमान धुक्यामुळे मुंबईत उतरवावे लागले आणि कंटाळलेले प्रवासी विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवले, ते दृश्य साऱ्या देशाने पाहिले. डिसेंबर २०२५ मध्ये तर वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर इंडिगोचे वेळापत्रक पार कोलमडले आणि एकेका दिवशी शेकड्यांनी विमाने रद्द झाली. विश्रांतीचा नियम योग्यच आहे. थकलेल्या वैमानिकाच्या विमानात बसणे कोणाला आवडेल? कंपनीची तयारी मात्र अपुरी पडली, आणि ताटकळले ते प्रवासी.

धडधाकट माणसाला चार तासांचा उशीर म्हणजे चार तासांची चिडचिड. रुग्णाच्या बाबतीत मात्र तो उशीर थेट औषधोपचारात ढवळाढवळ करतो.

काकाजींची गोष्ट

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. पुलगावचे एक काकाजी, वय सत्तरीचे, मधुमेह जुना. सकाळ-संध्याकाळ गोळी आणि रात्री इन्सुलिन. मुलीकडे निघाले होते. विमान साडेसहाचे. साडेआठला मुलीकडे गरम जेवण मिळणार, या हिशेबाने त्यांनी संध्याकाळची गोळी वेळेवर घेऊन टाकली. विमान काही येईना. नऊच्या सुमारास काकूंचा मला फोन आला, "डॉक्टरसाहेब, यांना दरदरून घाम आला आहे, हात थरथरतात आणि काहीबाही बोलतात." गोळी पोटात गेली होती आणि अन्न गेले नव्हते, त्यामुळे रक्तातली साखर घसरली होती. चहावाल्याकडून तीन चमचे साखर घ्या, पाण्यात घालून पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा आणि मग बिस्किटे किंवा पोळी द्या, असे मी सांगितले. माणूस शुद्धीवर होता, गिळू शकत होता, म्हणून हे चालले. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, तत्काळ वैद्यकीय मदत मागावी.

काकाजी सावरले. पण रात्रीचे इन्सुलिन कुठे होते? काउंटरवर दिलेल्या मोठ्या बॅगेत! आणखी एक गंमत ऐका. विमान उशिरा सुटणार असल्याचा निरोप दुपारी दोनलाच आला होता. तिकीट जावयाने काढलेले, म्हणून निरोप जावयाच्या मोबाईलवर. जावई कामात. काकाजी मात्र अडीच वाजता पुलगावहून गाडी करून निघाले.

या एका गोष्टीत सारे धडे आले आहेत.

औषधे हातातल्या पिशवीत

पहिला नियम: औषधे कधीही मोठ्या बॅगेत देऊ नयेत. बॅग चुकते, मागे राहते, दुसऱ्या गावी जाते. शिवाय सामानाच्या कप्प्यातल्या थंडीने इन्सुलिन गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. किमान तीन दिवसांची औषधे, साखर तपासण्याचे यंत्र, दम्याचा पंप आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत असावी. चिठ्ठी सोबत असली की इन्सुलिन आणि सुया तपासणीत दाखवणे सोपे जाते.

दुसरा नियम: जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन विमानाची वेळ पाहून घेऊ नये. ताट समोर आल्यावरच घ्यावे. स्वस्त विमानात जेवण तिकिटात धरलेले नसते, म्हणून घरची दशमी, फुटाणे, खडीसाखर जवळ ठेवावी. रिकामी बाटली न्यावी आणि तपासणीनंतर भरून घ्यावी. पाणी कमी पिऊन लघवीला जाणे टाळण्याची खोड आपल्याकडे स्त्रियांना फार. तिने लघवीचा त्रास होतो आणि रक्तही दाटते.

तिसरी गोष्ट पायांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालानुसार चार तासांहून अधिक वेळ बसून प्रवास केल्यास पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो. घरून विमानतळापर्यंतची मोटार, तिथली प्रतीक्षा आणि विमान असे सारे बसणे एकत्र मोजा. दर तासाला उठून चार पावले चालावे, बसल्या जागी पोटऱ्या ताणाव्या.

विमानातली हवा

विमानाच्या आतला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. आपल्या महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई सुमारे ५,४०० फूट. म्हणजे आपण खुर्चीत बसून त्याच्याही वर जातो. निरोगी माणसाला ते जाणवत नाही. ज्यांची फुफ्फुसे किंवा हृदय अशक्त आहे, रक्त फार कमी आहे, त्यांना मात्र प्राणवायू कमी पडू शकतो. आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय विमानात बसू नये, आणि प्रवासभर पाणी पीत राहावे.

नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी हे लक्षात ठेवावे, की उंचीवर शरीरात अडकलेली हवा फुगते. पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू भरला असेल, तर सर्जनने तारीख सांगितल्याशिवाय तिकीट काढू नये. वायू भरलेल्या डोळ्याची दृष्टीही जाऊ शकते. प्राणवायूची गरज असणाऱ्यांना घरचे सिलिंडर नेता येत नाही. कंपनीचा वैद्यकीय फॉर्म डॉक्टरांकडून आधी भरून घ्यावा लागतो.

चाकाची खुर्ची मागण्यात लाज कसली? मात्र ती तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी नोंदवावी आणि मिळेपर्यंत थांबावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेले ८० वर्षांचे एक गृहस्थ, पत्नीला खुर्ची मिळाली आणि दुसरी यायची होती म्हणून, तिच्यासोबत पायी निघाले. वाटेत कोसळले आणि दगावले. पुढे विमान कंपनीला ३० लाख रुपये दंड झाला, पण गेलेला माणूस परत येत नाही.

मोबाईल कामी कसा येईल?

मोबाईलवर आपण दिवसभर सुविचार पाठवतो. प्रवासात त्याचा खरा उपयोग करून घ्यावा.

एक, तिकिटावर स्वतःचा मोबाईल नंबर घालायला लावा, मुलाचा किंवा एजंटाचा एकटा नको. उशिराचे, रद्द झाल्याचे निरोप तिथेच येतात. शिवाय संपर्काची पुरेशी माहिती दिलेली नसेल तर विमान रद्द झाल्याची भरपाईही मिळत नाही, असा नियम आहे.

दोन, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदियाहून निघण्याआधी कंपनीच्या ॲपवर विमानाची स्थिती पाहा. आकाशातली विमाने नकाशावर दाखवणारी ॲपही मिळतात. तुम्हाला नेणारे विमान अजून दिल्लीतच उभे असेल, तर उशीर होणार हे कंपनीच्या आधी तुम्हाला कळेल. मात्र कंपनीने वेळ बदलल्याचे कळवले नसेल तर आपल्या वेळेवरच पोहोचावे.

तीन, औषधांच्या वेळेचा गजर लावा. चिठ्ठीचा, शेवटच्या तपासण्यांचा आणि हृदयाच्या आलेखाचा फोटो काढून ठेवा. बहुतेक मोबाईलमध्ये कुलूप न उघडता दिसणारी आपत्कालीन माहिती भरता येते. तिथे आजार, ॲलर्जी आणि नातेवाइकांचा नंबर लिहा.

चार, मोबाईल पूर्ण चार्ज करून निघा. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच ठेवा, मोठ्या बॅगेत तिला मनाई आहे.

पाच, कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. ग्राहक सेवेच्या नावाखाली भामटे बसलेले असतात. तिकिटावरचाच नंबर वापरा, ओटीपी कोणाला सांगू नका. फसगत झालीच तर लगेच १९३० वर कळवा.

हक्काचे मागा

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१० साली केलेल्या नियमांनुसार, अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास वा अधिक उशीर झाला तर वेळेत हजर झालेल्या प्रवाशांना खाणेपिणे द्यावे लागते. नागपूरहून मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू ही सारी उड्डाणे यात बसतात. उशीर सहा तासांहून अधिक होणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत मागता येतात. धुके, वादळ अशा कारणांसाठी भरपाई मिळत नाही, हेही माहीत असावे. दाद मिळाली नाही तर केंद्र सरकारच्या, २०१६ साली सुरू झालेल्या एअरसेवा या ॲपवर तक्रार करता येते. आलेले संदेश पुसू नका, फलकाचा फोटो काढून ठेवा. तोच पुरावा.

पण आरडाओरड करण्यात रक्तदाब वाढवू नका. काउंटरवरच्या मुलीने धुके पाडलेले नसते. शांतपणे, स्पष्ट शब्दांत सांगा, "बाई, मला मधुमेह आहे, आत्ता खायला हवे आहे." एवढे सांगायला आपली माणसे संकोचतात आणि निमूट बसून राहतात. दुखणे लपवून सहन करण्यात कसलाही पुरुषार्थ नाही. छातीत दुखले, धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ते विमानात चढण्यापूर्वी सांगावे. जमिनीवर रुग्णवाहिका मिनिटांत येते. वर गेल्यावर मात्र आधी जवळचे विमानतळ गाठावे लागते.

तिकीट काढताना आपण शंभर-दोनशे रुपयांसाठी चार ठिकाणी चौकशी करतो. निघण्याच्या आठ दिवस आधी एकदा आपल्या डॉक्टरांकडेही चक्कर मारावी आणि औषधांच्या वेळा लिहून घ्याव्यात. त्या कागदावर आणखी एक ओळ हवी: विमान उशिरा आले तर काय करायचे?