तास कुणाचा? बुलढाण्याच्या शिक्षणाधिकाऱ्याचा एक दिवस

बुलढाणा जिल्हा परिषदेत शिक्षणाचे तीन कारभारी : प्राथमिक, माध्यमिक आणि योजना. तिघांचे अधिकार वेगळे, पण गावात ‘शिक्षणाधिकारी’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे येतो तो प्राथमिकचा. घाटावरच्या लोणार-मेहकरपासून सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूरपर्यंत तेरा तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळा या एका खुर्चीखाली येतात. खालचा दिनक्रम कुणा एका व्यक्तीचा नाही, त्या खुर्चीचा आहे. दिवस धरला आहे २०२५च्या सप्टेंबरातला शेवटचा शुक्रवार. पाऊस उघडीप देत नाही आणि ३० सप्टेंबर चार दिवसांवर आली आहे.

सकाळी ६.३०

पहिला फोन पावसाचा. सुट्टी जाहीर करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा; पण कोणत्या नाल्याला पाणी आले की कोणत्या शाळेची वाट बंद होते, ही माहिती शिक्षण खात्यानेच द्यायची. ती वर येते ठरलेल्या पायऱ्यांनी : मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी. दुसरा फोन शिकस्त वर्गखोलीचा. भिंत ओली, पत्रा गळका. खोलीच्या निर्लेखनाचा प्रस्ताव बांधकाम विभागाकडे, नव्या खोलीचा पैसा जिल्हा नियोजनातून. दोन्हींना महिने लागतात. मुले मात्र आज साडेदहाला येणार. ‘आज सोडून द्या’ म्हणणे सोपे असते. त्याऐवजी ग्रामपंचायतीचे सभागृह मिळते का, ते विचारायचे. या पदावरचा पहिला निर्णय बहुधा असा असतो : जोखीम न घेता शाळेचा दिवस वाचवायचा.

९.४५

सरकारी कार्यालयांना २०२०पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. वेळ पावणेदहा ते सव्वासहा. शाळा मात्र शनिवारीही भरते, त्यामुळे या खात्याचा फोन शनिवारीही वाजतो.

टेबलावर टपाल. वैद्यकीय देयके, निवृत्तिवेतनाची प्रकरणे, बारा आणि चोवीस वर्षांनंतरच्या वेतनश्रेणीचे प्रस्ताव, अनुकंपाचे अर्ज, माहिती अधिकारातली अपिले. नागपूर खंडपीठातल्या याचिकेसाठी शपथपत्र हवे. तारीख चुकली तर अवमानाची टांगती तलवार. त्यातच १ सप्टेंबरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल : ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे, अशा कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण व्हावी लागेल, पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना नोकरीत राहता येईल, पण पदोन्नती मिळणार नाही. पंधरा-वीस वर्षे वर्गात उभा असलेला गुरुजी आता स्वतः परीक्षेचे पुस्तक उघडतो आहे. त्याच्या मनातली धास्ती कोणत्याही परिपत्रकाने जाणार नाही. यादी अचूक करणे आणि अफवा थांबवणे, एवढे या टेबलावरून होऊ शकते.

या नस्त्यांत ‘शिक्षण’ कुठे दिसत नाही, असे वाटेल. पण एक देयक अडले की एक शिक्षक रजा टाकून बुलढाण्याला येतो आणि त्या दिवशी त्याचा वर्ग रिकामा राहतो. टपाल वेळेवर निघाले, तर तेवढे वर्ग भरलेले राहतात.

११.००

व्हीसी, म्हणजे पडद्यावरची बैठक. पुण्याहून शिक्षण आयुक्तालय, कधी अमरावतीहून विभागीय उपसंचालक. पडद्यावर जिल्ह्यांचे तक्ते, मागे पडलेल्यांची नावे लाल रंगात. आज विषय विद्यार्थ्यांच्या आधार पडताळणीचा. संचमान्यता म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार याचा हिशेब, आणि तो ३० सप्टेंबरच्या आधार पडताळलेल्या पटावर होतो. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९०ला तीन. त्यावर १५ मार्च २०२४च्या शासन निर्णयाने निकष आणखी कडक केले. सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत असलेल्या शाळांतली पदे धोक्यात आली आणि शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. अशा वेळी आधारवर जन्मतारीख चुकलेले एक पोर हिशेबातून गळले, तर त्याच्यासोबत एखादा शिक्षकही जाऊ शकतो.

इथे अधिकाऱ्याच्या स्वभावाची कसोटी लागते. वरून माहिती मागितली की ती ‘तात्काळ’ असा शेरा मारून शाळांकडे ढकलता येते. किंवा यू-डायस या शाळांच्या माहिती प्रणालीत आधीच भरलेल्या माहितीतून कार्यालयातच तक्ता तयार करता येतो. पहिल्या वाटेने शेकडो मुख्याध्यापक वर्ग सोडून मोबाइलवर बसतात. दुसऱ्या वाटेने दोन लिपिक दुपारपर्यंत बसतात.

१२.००

भेटीची वेळ. मार्च २०२२मध्ये मुदत संपल्यापासून जिल्हा परिषदेवर प्रशासक आहे. सभापती नाहीत, सदस्य नाहीत; त्यामुळे पूर्वी शिक्षण समितीत गाजणारे प्रश्न आता थेट दाराशी येतात. संघटनेचे निवेदन, आमदारांचे पत्र, पती-पत्नी एकत्रीकरणाची विनंती, अवघड क्षेत्रातून सुगम क्षेत्रात येण्याची धडपड. बदल्या आता संगणकावर होतात, म्हणून ‘साहेब, तेवढं बघा’ थोडे कमी झाले, संपलेले नाही.

त्या गर्दीत गावाकडचे दोन पालक. ‘साहेब, चार वर्ग अन् एकच मास्तर हाये जी. तेबी मीटिंगला गेले का शाळेले कुलूप.’ दुसऱ्या मास्तरांची प्रतिनियुक्ती भलत्याच कामावर झालेली निघते. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७प्रमाणे शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अन्य अशैक्षणिक काम देता येत नाही. मतदार यादीचे काम त्यात बसते. कार्यालयातली लिपिकी बसत नाही. हा आदेश रद्द करायला एक सही पुरते. ती सही कुणाला तरी दुखावते, हे धरून चालावे लागते.

१.००

गाडी राजूर घाट उतरते. मोताळा, नांदुरा, येरळीजवळ पूर्णा, मग जळगाव जामोद. हा खारपाणपट्टा, शाळेत नळ आहे की नाही यापेक्षा त्या नळाचे पाणी पिण्यासारखे आहे का, हा इथला प्रश्न. वाटेत फोन चालूच.

३.००

सातपुड्याच्या पायथ्याची द्विशिक्षकी शाळा. पूर्वसूचना दिलेली नाही. आधी स्वयंपाकघर : पहिली ते पाचवीच्या मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला दीडशे. नोंदवही आणि पोते यांचा मेळ बसतो का, ते पाहायचे. मग वर्ग. तिसरीच्या मुलीला पुस्तक दिले की ती धडधड वाचते, कारण तो धडा पाठ आहे. न पाहिलेला उतारा दिला की बोट अक्षराअक्षरावर अडते. घरी भिलाली किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलांना पुस्तकी मराठी ही दुसरीच भाषा. बाई मुलांच्या बोलीतले शब्द फळ्यावर लिहून सुरुवात करतात, हे कोणत्याही तक्त्यात येत नाही. आलेल्या अधिकाऱ्याने नोंदवहीत ‘वाचन समाधानकारक नाही’ एवढेच लिहिले, तर बाई पुढच्या भेटीला धडे पाठ करून घेतील. कोणती मुले कुठे अडली आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडून (डाएट) कोणती मदत येईल, हे तारखेसह लिहिले, तर भेटीचा उपयोग.

५.३०

पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी आणि केंद्रप्रमुखांची बैठक. आधारची यादी, शालार्थ या वेतनप्रणालीवरची देयके, गळती. दिवाळीनंतर कामाच्या शोधात बाहेर जाणाऱ्या कुटुंबांची नावे आताच हवीत. आई-बाप गेल्यावर पोरे गावात कशी राहतील, हे ठरवायला नंतर उशीर होतो. परीक्षेचा विषय निघाला की आवाज खाली येतात. मार्च २०२३मध्ये बारावीचा गणिताचा पेपर सिंदखेड राजा तालुक्यातून फुटला, विधिमंडळात गाजला, त्यात शिक्षकांना अटक झाली. प्रकरण माध्यमिकचे, पण नाव जिल्ह्याचे गेले.

रात्री ९.३०

घरी उरलेल्या नस्त्या. व्हॉट्सअॅप गटावर नवा तक्ता : ‘उद्या सकाळी ११पर्यंत’. उद्या शनिवार, सकाळची शाळा. तो तक्ता आत्ताच पुढे पाठवायचा, की सोमवारी कार्यालयातून भरायचा? दिवसभरातला हा शेवटचा निर्णय आणि अकराच्या व्हीसीनंतर पडलेला प्रश्नही हाच होता.

जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्याकडे शिक्षक नेमण्याचा अधिकार नाही, निकष बदलण्याचा नाही, इमारतीच्या पैशाचाही नाही. त्याच्या हाती असतो तो शिक्षकाचा वेळ. तो खायचा की वाचवायचा, यावरच त्याचा कारभार जोखावा. गावानेही बाजूला बसून चालणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पंच्याहत्तर टक्के जागा शिक्षणहक्क कायद्याने पालकांच्या आहेत. पुढच्या सभेला जा आणि एवढेच विचारा : गेल्या महिन्यात आमचे गुरुजी किती दिवस वर्गाबाहेर होते, आणि कुणाच्या आदेशाने?