रांगेची लांबी आणि राइडची योग्यता

ज्या राइडपुढे लांब रांग ती उत्तम आणि जिच्यापुढे रांग नाही ती सामान्य, हा समज थीम पार्कमध्ये येणाऱ्या बहुतेक कुटुंबांच्या मनात इतका दृढमूल झालेला असतो की, पहाटे मुलांना उठवून, दूरचा प्रवास करून आणि दिवसभराच्या तिकिटांचे पैसे मोजून आलेली ही माणसे दहा मिनिटांत बसायला मिळेल अशी एखादी उत्कृष्ट राइड केवळ गर्दी नाही एवढ्याच सबबीवर डावलतात आणि पलीकडच्या दीड तासाच्या रांगेत जाऊन उभी राहतात. सुट्टीचा एकच दिवस हाती असलेल्या माणसांचा वेळ अशा चुकीच्या अनुमानापायी खर्ची पडावा याची मला मनापासून हळहळ वाटते, आणि म्हणूनच रांग नेमकी कशाने वाढते व कशाने ओसरते याचा खुलासा थोड्या विस्ताराने करणे अगत्याचे आहे.

रांगेचे मूळ दोन ओघांत आहे : दर तासाला किती माणसे येऊन उभी राहतात हा एक, आणि दर तासाला किती माणसे गाडीत बसून रवाना होतात हा दुसरा. लोकप्रियता, नावीन्य, जाहिरात या सर्वांचा संबंध पहिल्या ओघाशी आहे. फ्लोरिडातील युनिव्हर्सलच्या उद्यानात हॅग्रिडच्या मोटारसायकलींचा रोलर कोस्टर १३ जून २०१९ रोजी खुला झाला त्या दिवशी रांग दहा तासांवर गेली, ती अर्थात या ओघाच्या महापुरामुळेच. दुसरा ओघ मात्र आसनांची संख्या, गाड्यांची संख्या, फलाटाची रचना, पट्टे आणि दांडे यांचे प्रकार आणि तेथे नेमलेल्या माणसांची तालीम यांच्या ताब्यात असतो. पाहणाऱ्याला पहिला ओघ डोळ्यांसमोर दिसतो, दुसऱ्याकडे त्याचे लक्षच जात नाही, आणि बहुतेक गैरसमज येथूनच उगवतात.

कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये याचे जे उदाहरण वर्षानुवर्षे चालत आले आहे ते मला फार बोलके वाटते. १९५५ साली उद्यान उघडले तेव्हापासून चालू असलेली ‘पीटर पॅन्स फ्लाइट’ ही राइड जेमतेम तीन मिनिटांची आणि अगदी सौम्य प्रकृतीची. छताजवळच्या रुळाला टांगलेल्या चिमुकल्या जहाजांत एका वेळी दोन-तीन माणसे बसतात आणि अंधारातून लंडनच्या दिव्यांवरून तरंगत जातात. त्याच उद्यानात १९६७ साली सुरू झालेली ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही राइड सुमारे पंधरा मिनिटांची, विस्ताराने आणि कारागिरीने कितीतरी मोठी, आणि तिचा लौकिकही जगभर. तरीदेखील पीटर पॅनची रांग अनेकदा तिच्या रांगेहून अधिक वेळ खाते. याचे कारण असे की, चाच्यांच्या राइडमध्ये वीसेक माणसांनी भरलेल्या नावा एकामागून एक सुटत राहतात आणि तासाला अडीच हजारांहून अधिक लोक आत जातात, तर पीटर पॅनच्या इवल्याशा जहाजांना त्याच्या निम्मीही संख्या पेलत नाही. आखूड रांग ही येथे उपेक्षेची नव्हे, उत्तम बंदोबस्ताची खूण आहे. आणि जे लोक चाच्यांच्या राइडला ‘तिथे काय, कोणीच नव्हते’ असे म्हणून कमी लेखतात ते तिच्या रचनाकारांवर फार मोठा अन्याय करतात.

राइड जितकी लांब तितकी रांग लांब, हाही असाच एक सर्वत्र आढळणारा समज, आणि वरवर पाहता तो तर्कशुद्धही भासतो. परंतु वस्तुस्थिती अशी की, राइडला किती वेळ लागतो यापेक्षा एका रवानगीपासून दुसऱ्या रवानगीपर्यंत किती वेळ जातो यावर सारा हिशेब अवलंबून असतो. लंडन आय हा थेम्सच्या काठचा प्रचंड पाळणा एक फेरा पुरा करायला अर्धा तास घेतो. तथापि त्याला ३२ कुप्या आहेत, प्रत्येकीत २५ माणसे मावतात, आणि तो इतका संथ फिरतो की एरवी माणसे चढवण्या-उतरवण्यासाठी त्याला थांबवावे लागत नाही, त्यामुळे तासाला १,६०० माणसांची सोय होऊ शकते. आपल्या जत्रेतला आकाशपाळणा दोन-चार मिनिटेच फिरतो, पण एकेक पाळणा खाली आणून, थांबवून, उतरवून, पुन्हा भरण्यात त्याचा फिरण्याहून अधिक वेळ जातो. न्यू जर्सीतील ‘किंगडा का’ हा २००५ साली उभा राहिलेला रोलर कोस्टर ४५६ फूट उंच होता, साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटरचा वेग घेई, आणि सारा प्रवास एका मिनिटाच्या आत आटपत असे. परंतु त्याच्या गाडीत आसने अवघी अठरा होती, आणि त्यामुळे एका मिनिटाच्या त्या प्रवासासाठी लोकांना गर्दीच्या दिवशी तासन्‌तास उभे राहावे लागे. २०२५ साली तो पाडण्यात आला. ओहायोतील सीडर पॉइंट येथे २००० सालापासून चालणाऱ्या ‘मिलेनियम फोर्स’चा प्रवास दोन मिनिटांहून अधिक असूनही, एकाच वेळी तीन गाड्या चालवून आणि दर शंभर सेकंदांच्या सुमारास ३६ आसनांची एक गाडी सोडून, तासाला जवळजवळ १,३०० माणसे नेण्याची त्याची क्षमता आहे.

मग गाड्या आणखी वाढवाव्यात, अधिक घाईने सोडाव्यात, एवढे सोपे काम व्यवस्थापन का करीत नाही, असा प्रश्न रांगेत उभा असलेला मनुष्य हमखास विचारतो, आणि पुष्कळदा कर्मचाऱ्यांच्या आळसावर त्याचे खापर फोडून मोकळा होतो. हा गैरसमज मला सर्वांत अधिक सलतो, कारण त्यात निरपराध माणसांवर दोषारोप होतो. रोलर कोस्टरचा मार्ग रेल्वेच्या मार्गाप्रमाणेच खंडांमध्ये, म्हणजे ब्लॉकमध्ये, विभागलेला असतो. पुढच्या खंडातली गाडी बाहेर पडल्याशिवाय मागच्या गाडीला त्यात प्रवेश मिळत नाही, आणि प्रत्येक खंडाच्या शेवटी गाडीला जागच्या जागी रोखून धरणारी यंत्रणा असते. मुंबईच्या लोकलने जाणाऱ्याला हे निराळे सांगायला नको : पुढचा सिग्नल मिळेपर्यंत गाडी दोन स्थानकांच्या मध्ये उभी राहते, फलाटावर गर्दी कितीही असो. जितके खंड, त्याहून एक कमी, एवढ्याच गाड्या त्या मार्गावर चालवता येतात, आणि ही मर्यादा राइड बांधतानाच कायमची ठरून जाते.

एका खंडात एका वेळी एकच गाडी, हा नियम मोडला तर काय होते हे इंग्लंडातील आल्टन टॉवर्स येथे २ जून २०१५ रोजी दिसले. ‘स्मायलर’ नावाच्या रोलर कोस्टरवर पुढे एक रिकामी गाडी अडकून पडलेली असल्यामुळे सुरक्षायंत्रणेने मागची गाडी योग्य रीतीने थांबवली होती. परंतु मार्ग मोकळा आहे अशा समजुतीने यंत्रणेचा तो हुकूम डावलण्यात आला, आणि सोळा माणसांनी भरलेली गाडी रिकाम्या गाडीवर जाऊन आदळली. दोन तरुणींना आपला एकेक पाय गमवावा लागला, इतरही कित्येक जखमी झाले, आणि २०१६ साली न्यायालयाने मालक कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड ठोठावला. ज्याला ही हकीकत ठाऊक आहे तो वाटेत थांबलेल्या गाडीकडे पाहून पुन्हा कधी चरफडणार नाही.

तरीसुद्धा, मार्गाची ही कमाल मर्यादा गाठली जाणे वा न जाणे हे प्रत्यक्षात फलाटावरच ठरते, आणि तेथे क्षणभर लक्षपूर्वक पाहिले तर रांगेचे सारे रहस्य उलगडते. गाडी येऊन थांबते. दांडे वर जातात. उतरणारे एका बाजूने बाहेर पडतात, दुसऱ्या बाजूची फाटके उघडतात आणि चढणारे आत शिरतात. कोणी पिशवी पलीकडच्या खणात ठेवायला धावतो, कोणाला चष्म्याची आठवण होते, कोणाच्या खिशातून मोबाइल निघतो, कोणा बापाला मुलाच्या शेजारी बसायचे असल्याने सगळी ओळ सरकते. मग दांडे खाली येतात, कर्मचारी प्रत्येक दांडा हाताने ओढून खातरजमा करीत गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो, अंगठा उंचावून इशारा देतो, आणि तेव्हा कोठे रवानगीचे बटण दाबले जाते. समजा गाडीत ३२ आसने आहेत आणि हा सगळा विधी आटोपून दर ६० सेकंदांनी गाडी सुटते, तर तासाला १,९२० माणसे जातात. तोच अवधी ९० सेकंदांवर गेला की संख्या १,२८० वर येते. अर्ध्या मिनिटाच्या ढिलाईने तासाला ६४० माणसे मागे राहतात, आणि ती सारी रांगेच्या शेपटीला जाऊन जोडली जातात.

यातही दांड्याचा प्रकार महत्त्वाचा. मांडीवरचा एकच दांडा लवकर बसतो. त्याच्या जोडीला पट्टा असेल तर वेळ वाढतो, खांद्यांवरून येणारे कवच असेल तर आणखी. आपल्याकडे खोपोलीजवळच्या इमॅजिकामधील ‘नायट्रो’ हा स्वित्झर्लंडच्या बोलिगर आणि माबिलार्ड या कंपनीचा, पायाखाली तळ नसलेला रोलर कोस्टर आहे. अशा राइडमध्ये बसणाऱ्याचे पाय मोकळ्या हवेत लोंबत असल्यामुळे चढण्यासाठी फलाटाचीच जमीन सरकून वर यावी लागते आणि रवानगीपूर्वी ती खाली जावी लागते. पाय अधांतरी सुटल्याचा तो थरार ज्या यंत्रणेमुळे मिळतो तीच प्रत्येक खेपेला काही सेकंद घेते. शिवाय चौघांच्या ओळीत तिघांचे कुटुंब बसले की चौथे आसन रिकामे जाते. हे नुकसान भरून काढण्यासाठी पुष्कळ उद्यानांनी एकट्या माणसांची वेगळी रांग ठेवली आहे, आणि सोबत्यांपासून काही मिनिटे वेगळे बसण्यास ज्यांची हरकत नसेल त्यांच्यासाठी तिच्याइतका उत्तम मार्ग नाही.

भीतीमुळे लोक येत नाहीत म्हणून भयंकर राइडची रांग आखूड असते, या समजात थोडे तथ्य आहे, पण थोडेच. उंचीची अट मात्र खरोखर माणसे गाळते : ‘किंगडा का’वर ५४ इंचांखालच्या कोणालाही प्रवेश नसे, आणि लहान मुले बरोबर असलेल्या कुटुंबातले निम्मे लोक अशा वेळी बाहेरच थांबतात. परंतु थरारासाठीच प्रसिद्ध असलेल्या उद्यानात लोक मुळात सर्वांत उंच आणि सर्वांत वेगवान राइडसाठीच आलेले असतात, आणि तेथे भीती हेच आकर्षण ठरते.

रांग डोळ्यांनी मोजून तिचा वेळ अजमावणे ही आणखी एक फसगत. जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकाने १९६१ साली सिद्ध केलेला साधा नियम असा की, रांगेतील माणसांची सरासरी संख्या ही येणाऱ्यांचा दर आणि थांबण्याचा सरासरी काळ यांच्या गुणाकाराइतकी असते. त्यावरून पाहता, पाचशे माणसांची रांग तासाला दोन हजार नेणाऱ्या राइडपुढे असेल तर पंधरा मिनिटांत संपते, आणि शंभर माणसांची रांग तासाला दोनशे नेणाऱ्या राइडपुढे असेल तर अर्धा तास खाते. त्यातून पुष्कळ रांगा इमारतीच्या आत वळणे घेत गेलेल्या असतात आणि बाहेर दिसणारे टोक हा त्यांचा अल्पांश असतो.

जादा पैसे देऊन मिळणाऱ्या पासाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. डिस्नेने १९९९ साली वेळ राखून ठेवण्याची जी सोय आणली ती विनामूल्य होती. फ्लोरिडात २०२१ पासून तिच्या जागी सशुल्क व्यवस्था आली. अशा पासाने एकही आसन वाढत नाही. तासाला १,२०० आसने असलेल्या राइडवर ८०० आसने पासवाल्यांना गेली तर साध्या रांगेला ४०० उरतात, आणि एरवी वीस मिनिटांत संपणारी चारशे माणसांची रांग तासभर चालते. ज्याला परवडते त्याचा वेळ वाचतो, आणि तो दुसऱ्याच्या वेळातून वाचतो. ही व्यवस्था मला न्याय्य वाटत नाही, आणि निदान तिचा परिणाम साध्या तिकिटावर येणाऱ्याला आधी ठाऊक असावा एवढी अपेक्षा रास्त आहे.

गर्दी नसलेल्या दिवशी सर्वत्र रांगा आखूड असतीलच असेही नाही, कारण अशा दिवशी उद्याने तीनऐवजी एकच गाडी चालवतात आणि उरलेल्या दुरुस्तीला घेतात. पाण्याच्या राइड थंडीत ओस आणि दुपारच्या उन्हात तुडुंब. प्रवेशद्वाराजवळच्या राइड सकाळी भरतात, टोकाच्या दुपारी. आणि बंद पडून नुकतीच सुरू झालेली राइड काही मिनिटे जवळजवळ मोकळी असते.

तेव्हा कोणत्याही रांगेत शिरण्यापूर्वी क्षणभर थांबून दोन रवानग्यांमधला अवधी घड्याळावर मोजावा आणि एका गाडीत किती माणसे बसतात ते पाहावे. आणि आपली पाळी येईल तेव्हा चष्मा, मोबाइल, पिशवी यांची तजवीज फलाटावर पाऊल ठेवण्यापूर्वी, रांगेतच करून ठेवावी, ही प्रत्येक वाचकाला माझी विनंती आहे. मागे उभ्या असलेल्या शेकडो माणसांचा वेळ त्या काही सेकंदांवर अवलंबून असतो.