हर्निया: पोटाच्या भिंतीतली कच्ची जागा
पोटाच्या स्नायूंची भिंत जिथे कमकुवत असते, तिथून आतड्याचा किंवा चरबीचा भाग बाहेर येतो, हाच हर्निया. सर्वाधिक आढळतो तो जांघेतला, तोही पुरुषांमध्ये. गर्भावस्थेत वृषण पोटातून ज्या वाटेने खाली उतरतात, ती पुढेही कच्चीच राहते. जुनाट खोकला, शौचाला कुंथणे, जड ओझी यांचा ताण तिथे पडतो. खोकल्यावर फुगवटा दिसतो, आडवे झाल्यावर आत जातो. म्हणूनच दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढले जाते. बाळाच्या बेंबीचा हर्निया मात्र बहुधा चार-पाच वर्षांत आपोआप बुजतो. त्यावर नाणे बांधण्यात अर्थ नाही. जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणातूनही हर्निया होतो. फुगवटा आत जाईनासा झाला, दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती असते. तेव्हा तातडीची शस्त्रक्रियाच लागते.