टायपिंग क्लासचा गाळा

टायपिंग इन्स्टिट्यूट हा टंकलेखन शिकवणारा छोटा खासगी व्यवसाय. बाजारपेठेतला एखादा गाळा, ओळीने मांडलेली यंत्रे, भिंतीवर कळपाटाचा तक्ता आणि दाराशी प्रवेशाची वही, एवढ्यावर तो चाले. संस्था खासगी असली तरी परीक्षा सरकारी. ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिट गतीचे प्रमाणपत्र लागते, म्हणून दहावी-बारावीनंतर ‘टायपिंग लावणे’ हा घरोघरचा शिरस्ता होता.

पिंपरी-चिंचवडमध्ये या व्यवसायाला कारखान्यांचेही पाठबळ मिळाले. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. साठच्या दशकात एमआयडीसी आली, पाठोपाठ टेल्को आणि बजाज ऑटो आले. 1982 मध्ये महानगरपालिका झाली. कारखान्याच्या टाइम ऑफिसपासून स्टोअर्सपर्यंत चलने, पत्रे आणि तक्ते टंकित होत. लेथवर हात बसवायला आयटीआय होती, कळांवर बोटे बसवायला टायपिंग क्लास.

शिकवणे यंत्राला बांधलेले होते. गोदरेजने 1955 मध्ये भारतीय बनावटीचा टाइपराइटर आणला. क्लासमध्ये तो, रेमिंग्टन किंवा हल्डा असे. कळ दाबली की तिची दांडी उसळून फितीवर आदळते आणि अक्षर उमटते. आघात कमी पडला तर अक्षर फिकट येते. ‘एएसडीएफ’ गिरवणाऱ्या नवख्याच्या कागदावर ‘ए’ हटकून पुसट दिसतो, कारण तो डाव्या करंगळीच्या वाट्याचा असतो. कोणते बोट कच्चे आहे, हे शिक्षकाला कागदावरूनच कळते. घाईने दोन कळा एकदम दाबल्या तर दांड्या एकमेकींत अडकतात, त्या बोटांनी सोडवाव्या लागतात. म्हणून आधी ठेका, मग गती.

मराठी यंत्र जास्त हट्टी. रेमिंग्टन पद्धतीत ‘शि’ लिहायचा तर आधी पहिली वेलांटी, मग अर्धा श, मग काना, असे तीन आघात. मात्रा आणि अनुस्वार यांच्या कळा दाबल्या तरी कॅरेज पुढे सरकत नाही. बोलताना वेलांटी व्यंजनानंतर येते, यंत्रावर आधी. हा उलटा क्रम सरावाने बोटांत मुरवावा लागे.

असे यंत्र दहा किलोंहून जड. ते घरी आणणे क्वचितच कोणाला परवडे, म्हणून क्लासचा गाळा हीच खरी गरज होती. दहा यंत्रे आणि दिवसभरात एकेका तासाच्या बारा बॅचेस धरल्या, तर 120 विद्यार्थ्यांची सोय होते. पहिल्या पाळीचा कामगार संध्याकाळी आणि दुसऱ्या पाळीचा सकाळी बसू शके. गाळ्याचे भाडे याच हिशेबावर निघे.

हा हिशेब संगणकाने मोडला. 2009 मध्ये जवळच्या चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि त्याच सुमारास गोदरेजने टाइपराइटरचे उत्पादन थांबवले. नव्या कारखान्यांत बिले संगणकावरच निघत, निव्वळ टंकलेखकाचे टेबल तिथे नव्हते. पुढच्या दशकात सरकारी परीक्षाही टप्प्याटप्प्याने संगणकावर गेली आणि ‘जीसीसी-टीबीसी’ अभ्यासक्रम आला. संस्थांना संगणक, वीज आणि इंटरनेट यांवर नव्याने भांडवल घालावे लागले. कळपाट मात्र आता बऱ्याच घरांत होता. इन्स्क्रिप्ट पद्धतीत ‘शि’साठी श आणि वेलांटी एवढेच, तेही उच्चाराच्या क्रमाने.

अशा स्थितीत गाळा सोडणे हा सोपा उपाय वाटतो, पण त्यात अडचणी आहेत. सरकारी मान्यता ठरावीक पत्त्यावरची असते. परीक्षेचे अर्ज संस्थेमार्फत जातात, त्यामुळे सत्राच्या मधेच कुलूप लावले तर विद्यार्थी लटकतात आणि त्यांना दुसऱ्या मान्य संस्थेत सामावून घ्यावे लागते. जुन्या यंत्रांना गिऱ्हाईक नसते. ती वजनावर भंगारात जातात आणि फिती बदलणाऱ्या, दांड्या सरळ करणाऱ्या मेकॅनिकचे कामही त्यांच्याबरोबर संपते.

विद्यार्थ्याच्या घरी जाऊन किंवा ऑनलाइन शिकवता येते. पण संगणकाच्या पडद्यावर हलक्या बोटाचे अक्षरही ठळकच उमटते, त्यामुळे कच्चे बोट ओळखायला शिक्षकाला शेजारी बसून हात पाहावा लागतो. शिवाय चाकणच्या आसपासच्या गावांतून येणाऱ्या अनेकांकडे मोबाइल असतो, पण पूर्ण कळपाट नसतो. मोबाइलवर अंगठ्याने केलेला सराव दहा बोटांच्या परीक्षेत उपयोगी पडत नाही. नोकरीच्या जाहिरातीत टंकलेखनाची अट आहे तोवर शिकणारे येतच राहतील. त्यांना तासभर बसायला संगणक आणि हात पाहणारे कोणीतरी लागेल. स्वतःचा गाळा परवडत नसेल, तर शाळेची किंवा ग्रंथालयाची खोली तासांवर भाड्याने घेणे हा एक मार्ग उरतो. मात्र त्या पत्त्यालाही आधी मान्यता मिळवावी लागते.